गाडीला बाहेरून रिमोट लॉक बसवताय? वायर कापण्याआधी हे तपासा

अनेक जुन्या गाड्यांत सेंट्रल लॉकिंग असतं, पण रिमोट नसतो. अशा गाडीला बाजारात मिळणारं कीलेस एन्ट्री किट जोडता येतं. मात्र सगळ्या गाड्यांच्या लॉकचं वायरिंग सारखं नसतं. चुकीची जोडणी झाली तर फ्यूज उडतो किंवा मोटर जळते. फ्यूज न लावलेली वायर शॉर्ट झाली, तर आगही लागू शकते.

किट काय करतं?

दारात छोटी डीसी मोटर असते. करंट एका दिशेने गेला की लॉक, उलट दिशेने गेला की अनलॉक. रिमोट दाबला की किटमधला रिले क्षणभर चालू होतो. लॉकसाठी एक रिले, अनलॉकसाठी दुसरा. प्रत्येकाच्या तीन वायरी असतात: कॉमन, एनसी (एरवी कॉमनला जोडलेली) आणि एनओ (रिले चालू झाल्यावरच जोडली जाणारी).

तुमची गाडी कोणत्या प्रकारातली?

१. मायनस ट्रिगर: स्विच दाबल्यावर कंट्रोल वायरला अर्थ मिळतो. कॉमन त्या वायरला, एनओ बॉडी अर्थला जोडतात. एनसीचं टोक टेपने बंद करतात.

२. प्लस ट्रिगर: स्विच दाबल्यावर १२ व्होल्ट मिळतात. जोडणी तशीच, फक्त एनओ फ्यूजमधून १२ व्होल्टला जाते.

३. उलटसुलट पोलॅरिटी: मोटरचा पूर्ण करंट स्विचमधूनच जातो आणि एरवी मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला असतात. इथे दोन्ही वायरी कापाव्या लागतात. स्विचकडचं टोक एनसीला, मोटरकडचं कॉमनला आणि एनओ फ्यूजमधून १२ व्होल्टला.

सर्वाधिक घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात होतो, कारण दोन्हींत स्विच दाबल्यावर मीटर १२ व्होल्टच दाखवतो. फरक ओळखायला बॅटरीची मायनस वायर काढा आणि स्विच न दाबता ती वायर व बॉडी यांमधला रेझिस्टन्स मोजा. जवळजवळ शून्य ओहम आला, तर प्रकार तिसरा. तो दुसरा समजून वायर न कापता १२ व्होल्ट दिले, तर ते थेट अर्थला जातात आणि शॉर्ट होतो.

हे विसरू नका

- टेस्ट लॅम्प नको, मल्टिमीटर वापरा.
- पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका. त्या सहसा एअरबॅगच्या असतात.
- फ्यूज १२ व्होल्ट घेता त्या टोकाजवळ लावा आणि किटवर सांगितलेल्या अँपिअरचाच लावा.
- रोलिंग कोडचं किट घ्या. ठरलेला एकच कोड पाठवणाऱ्या रिमोटची नक्कल सोपी असते.
- नव्या गाड्यांत लॉक बऱ्याचदा बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर चालतं. तिथे वायर कापू नका. वॉरंटीचा प्रश्नही येतो, त्यामुळे आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

पहिली चाचणी काच खाली करून आणि किल्ली खिशात ठेवूनच घ्या. पुढेही मूळ किल्ली जवळ असू द्या. गाडीची बॅटरी उतरली, तर दार तिनेच उघडेल.