आयसा: नवऱ्याचं खातं, बायकोचं खातं आणि मधली भिंत

गेल्या मार्चमधली गोष्ट. इंग्लंडात आर्थिक वर्ष 5 एप्रिलला संपतं, त्यामुळे मार्चअखेर आली की इथेही बचतीची तीच धावपळ असते जी तुमच्याकडे. आम्ही दोघं हिशेब करत बसलो होतो आणि लक्षात आलं की घरातली जवळजवळ सगळी करमुक्त बचत नवऱ्याच्या नावावर आहे. त्यात त्याचा काही डाव नव्हता. मुलं लहान असताना मी नऊ वर्षं घरी होते, पगार त्याचा यायचा, पैसे त्याच्याच आयसात जात राहिले. मी म्हटलं, "अरे, निम्मे माझ्या आयसात टाक की." तो म्हणाला, "टाकतो, त्यात काय!" बँकेत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की असं करता येत नाही. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत न्या, हरकत नाही. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे नाही. नवरा-बायको असलात तरी नाही.

मी चिडले. बावीस वर्षांचा संसार, एकच घर, एकच कर्ज, आणि सरकार म्हणतं तुम्ही दोन परकी माणसं! मग सवयीप्रमाणे हा नियम आला कुठून ते शोधायला बसले, आणि दोन-तीन आठवडे त्यातच गेले. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते.

ज्यांना आयसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट' या नावाची आद्याक्षरं म्हणजे आयसा. यातल्या व्याजावर, लाभांशावर, शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. वर्षाला जास्तीत जास्त 20,000 पौंड भरता येतात. आपल्या पीपीएफचा लांबचा भाऊ म्हणा, फक्त 15 वर्षांची अट नाही आणि पैसे भरताना वजावटही मिळत नाही. मेख अशी की पैसे बाहेर काढले की त्यांच्यावरचं करमुक्तीचं कवच गेलं. काही लवचिक खाती सोडली तर परत भरताना ते त्या वर्षाच्या मर्यादेतच मोजले जातात. आणि खातं एकाच माणसाचं. संयुक्त आयसा हा प्रकारच नाही.

माझा सगळा राग त्या पहिल्या शब्दावर होता. इंडिव्हिज्युअल. पण तो शब्द तिथे यायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली आहेत.

फ्रान्सशी चाललेल्या लढाईचा खर्च भागवायला पंतप्रधान पिट यांनी 1799 मध्ये इंग्लंडात प्राप्तिकर आणला. 1806 च्या कायद्यात एक कलम होतं: नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बायकोचं उत्पन्न हे नवऱ्याचंच उत्पन्न धरायचं. त्या काळच्या इंग्रजी कायद्याला हे अगदी साहजिक होतं. लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरघळून जायचं. तिची मजुरी त्याची, तिची रोकड त्याची. (आपल्याकडे स्त्रीधन निदान कागदावर तरी बाईचं होतं. 'कागदावर तरी' हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत.)

पुढे बायकांनी लढून हे बदललं. 1870 च्या कायद्याने विवाहित बाईची मजुरी तिची झाली, आणि बचत बँकेत तिच्या नावाने ठेवलेले पैसेही. बचत खात्याचा उल्लेख त्या कायद्यात वेगळा करावा लागला, यावरून आधी काय चालत असेल ते समजावं. 1882 मध्ये तिची सगळीच मालमत्ता तिच्या नावावर राहू लागली. याच कायद्याचं भावंड 1874 मध्ये हिंदुस्थानात आलं, पण हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन त्यातून वगळले होते. विम्याच्या कलमापुरता तो 1923 मध्ये सगळ्या हिंदुस्थानातल्या हिंदूंना लागू झाला. एलआयसीचे एजंट 'एमडब्ल्यूपी खाली पॉलिसी घ्या' म्हणतात ना, म्हणजे नवरा कर्जात बुडाला तरी विम्याची रक्कम बायको-मुलांची राहते, ते हेच 1874 चं कलम 6.

मालमत्तेचा कायदा बदलला, पण कराचा कायदा कुणी हलवला नाही. 1882 नंतर इंग्लंडात पैसा बायकोचा, पण त्यावरचा कर नवऱ्याचा, अशी विचित्र अवस्था आली आणि ती शंभर वर्षांहून जास्त टिकली.

या विचित्रपणाचा जास्तीत जास्त तमाशा झाला तो 1912 मध्ये. डॉ. एलिझाबेथ विल्क्स ही लंडनमधली डॉक्टर. तिचं म्हणणं साधं होतं: मला मत नाही तर मी करही देणार नाही. कर खात्याने कायदा उघडला. कायद्याप्रमाणे तिच्या कमाईवरच्या कराची जबाबदारी नवऱ्याची. नवरा मार्क विल्क्स शाळामास्तर. तो म्हणाला, बायको किती कमावते हे विचारायचा मला अधिकार नाही, आणि तिचा कर भरायला माझ्याकडे पैसे नाहीत. त्याला ब्रिक्स्टनच्या तुरुंगात टाकलं! वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. सभा झाल्या, ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत मास्तरांना सोडून द्यावं लागलं. बर्नार्ड शॉ यांनीही त्याआधी कर खात्याला हेच ऐकवलं होतं की माझ्या बायकोचं उत्पन्न जाणून घ्यायचा कुठलाही मार्ग माझ्याकडे नाही.

कर न देणाऱ्या या बायकांच्या संघटनेत महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया होती, हे मला माहीत नव्हतं. तिने कुत्र्यांच्या, गाडीच्या परवान्याचे पैसे नाकारले म्हणून तिची हिऱ्याची अंगठी जप्त करून लिलावात काढली. मैत्रिणीने ती बोली लावून घेतली आणि सोफियाला परत दिली. विषय थोडा वेगळा आहे, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

मला सगळ्यात जास्त लागला तो 1943 चा एक खटला. ब्लॅकवेल विरुद्ध ब्लॅकवेल. नवरा घरखर्चाला पैसे द्यायचा. बाईने त्यातून काटकसर करून सहकारी सोसायटीच्या खात्यात शंभर पौंडांहून थोडे जास्त साठवले होते. दोघं वेगळे झाल्यावर प्रश्न आला, हे पैसे कुणाचे? अपील न्यायालयाने सांगितलं, नवऱ्याचे. त्याने घरखर्चाला दिले होते, उरले ते त्याचे. खातं तिच्या नावावर होतं, पोट मारून वाचवले तिने, पण पैसे त्याचे. हे वाचताना मला आईचा डाळीचा डबा आठवला, ज्याच्या तळाशी नेहमी एक गुंडाळलेली नोट असायची. आणि 2016 ची नोटबंदी आठवली, जेव्हा आपल्याकडच्या हजारो घरांत असे डबे एका रात्रीत उघडे पडले.

पार्लमेंटने ही चूक 1964 मध्ये दुरुस्त केली, तीही अर्धीच. घरखर्चातून वाचलेले पैसे निम्मे-निम्मे. वाचवणारीचे अख्खे नाहीतच.

कराचं गाडं मात्र तसंच. 1972 पासून दोघांनी सह्या करून अर्ज दिला तर बायकोच्या पगारावर वेगळा कर लागू लागला. पण फक्त पगारावर. तिच्या बचतीचं व्याज, तिच्या शेअरचा लाभांश नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचा. म्हणजे बायकोने गुपचूप काही साठवलं तर दरवर्षी विवरणपत्र भरताना नवऱ्याला पैसा-पै कळणारच. बाईने कर खात्याला पत्र लिहिलं तर उत्तर नवऱ्याच्या नावाने यायचं. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, माझ्या जन्माच्या आसपासची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली नाही!

1980 मध्ये यावर सरकारी चर्चापत्र निघालं. मग आठ वर्षं चर्चा. शेवटी 1988 च्या अर्थसंकल्पात नायजेल लॉसन यांनी जाहीर केलं आणि 6 एप्रिल 1990 पासून ब्रिटनमध्ये नवरा आणि बायको ही करापुरती दोन स्वतंत्र माणसं झाली. तिची सूट तिची, तिचं विवरणपत्र तिचं, तिचं गुपित तिचं.

करमुक्त बचतीच्या योजना याच वर्षांच्या आगेमागे आल्या. 1987 मध्ये शेअरसाठी पेप, 1991 मध्ये बँकेतल्या ठेवींसाठी टेसा, आणि या दोन्हींच्या जागी 6 एप्रिल 1999 पासून गॉर्डन ब्राऊन यांचा आयसा. पहिल्या वर्षी मर्यादा 7,000 पौंड. तिन्ही योजना एका माणसाच्या नावावर. गृहिणीला स्वतःचा पगार नसला तरी तिला स्वतःची पूर्ण मर्यादा, नवऱ्याइतकीच. पैसे नवऱ्याने दिलेले असले तरी चालतात. आपल्याकडे 1961 च्या कायद्यातल्या कलम 64 ने बायकोला दिलेल्या पैशावरचं उत्पन्न परत नवऱ्याच्या पदरात टाकलं. इथे सरळ भेट दिली की ती तिची.

तेव्हा मी जिच्यावर डोकं आपटत होते ती भिंत बायकांनीच बांधून घेतलेली आहे. हे कळल्यावर राग निम्मा उतरला. निम्माच.

कारण उरलेल्या निम्म्याला नाव आहे. आमच्या गावात एक काकू राहतात, मूळच्या मिरजेच्या. काका 2014 च्या ऑक्टोबरमध्ये गेले. आयुष्यभराची बचत काकांच्या आयसात होती. त्या वेळचा नियम असा की खातेदार गेला की करमुक्ती त्याच दिवशी संपली. पैसे काकूंना मिळाले, वारसा कर लागला नाही, पण कवच गेलं. 3 डिसेंबर 2014 ला ऑस्बोर्न यांनी संसदेत सांगितलं की इथून पुढे जोडीदाराच्या आयसात जेवढी रक्कम असेल तेवढी जादा मर्यादा मागे राहणाऱ्याला मिळेल. खातं हस्तांतरित होत नाही, मर्यादा मिळते. सरकारला ती भिंत तेव्हाही पाडायची नव्हती. पण हे 3 डिसेंबरला किंवा नंतर गेलेल्यांसाठी. काका दीड महिना आधी गेले. काकू मला म्हणाल्या, "अगं, त्यांना कुठे माहीत होतं थांबायचं!" आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

म्हणजे आज मेल्यावर जे जमतं ते जिवंतपणी जमत नाही. घटस्फोटातही नाही. पेन्शन कोर्टाच्या हुकुमाने वाटून घेता येते, 2000 सालापासून तशी सोय आहे. आयसा मात्र मोडूनच पैसे द्यावे लागतात. जी बाई पंधरा वर्षं मुलं सांभाळत होती, तिला पैसे मिळतील, कवच मिळणार नाही. ते तिने दरवर्षी थोडं थोडं नव्याने विणायचं. आणि गंमत बघा, 2015 पासून लग्नाच्या जोडीदाराला स्वतःच्या करसवलतीचा छोटा तुकडा देता येतो. म्हणजे तत्त्व म्हणून 'दोन स्वतंत्र माणसं' काही इतकं सोवळ्यातलं राहिलेलं नाही. एका आयसातून दुसऱ्यात रक्कम गेली तर एकूण करमुक्त रक्कम तेवढीच राहते, सरकारचं फारसं जात नाही. मला भिंत हवी आहे, 1943 च्या त्या बाईसाठी तरी हवी आहे. पण तिला एक दार असावं, दोघांच्या सह्यांनी उघडणारं.

आमचं म्हणाल तर 2 एप्रिलला नवऱ्याने 20,000 पौंड बाहेर काढले, माझ्या साध्या खात्यात भेट म्हणून टाकले आणि मी ते माझ्या आयसात भरले. त्याच्याकडचं तेवढं कवच गेलं, माझी त्या वर्षाची मर्यादा संपली. निम्मं-निम्मं व्हायला अजून तीन मार्च लागतील. काकूंनीही तसंच केलं होतं, दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन. त्यांचं सगळं परत आत जायला पाच वर्षं लागली. तेवढ्या वर्षांचा व्याजावरचा कर त्यांनी भरला, आणि त्या पावत्या अजून एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत.