पुण्याचा उतार

विल राइट हा अमेरिकी प्रोग्रामर १९८४ साली आलेला 'रेड ऑन बंगेलिंग बे' हा हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकायचा गेम बनवत होता. त्यातली बेटं आणि कारखाने आखायला त्यानं स्वतःसाठी एक छोटं साधन लिहिलं, आणि बॉम्ब टाकण्यापेक्षा बेटं आखण्यातच जास्त मजा येते हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून १९८९ साली 'सिमसिटी' आला. म्हणजे शहर वसवण्याच्या या खेळांत आधी जमीन आली, शहर नंतर. पहिली काही वर्षं ती जमीन सपाटच होती. तिला उंची मिळाली १९९३च्या 'सिमसिटी २०००'मध्ये. २०१५ साली फिनलंडच्या कलोसल ऑर्डरनं 'सिटीज: स्कायलाइन्स' आणला, त्यात तर करड्या छटांचं एक चित्र दिलं की डोंगरदऱ्या उभ्या राहतात. काळं ते खोल, पांढरं ते उंच. चित्राच्या एका ठिपक्याला जमिनीवरचे सोळा मीटर, आणि सगळा नकाशा १७.२८ किलोमीटर लांब-रुंद. कात्रजपासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंतचं पुणं त्यात आरामात मावतं.

उंचीचे आकडे फुकट मिळतात. फेब्रुवारी २०००मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानानं अकरा दिवस रडार फिरवून जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, वेताळ टेकडी ८००च्या आसपास. गेममध्ये उंचीला १०२४ मीटरचीच जागा असते, म्हणून आधी अख्खं पुणं काहीशे मीटर खाली उतरवायचं.

मग पायऱ्यांचा प्रश्न येतो. चित्र आठ बिटांचं असेल तर छटा २५६च, म्हणजे एकेक पायरी चार मीटरची. डोंगर भाताच्या खाचरांसारखा दिसतो. म्हणून नकाशे बनवणारे लोक सोळा बिटांचं चित्र घेतात आणि वरून ते पुसट करून पायऱ्या घालवतात. युरोपातल्या डोंगरांना हे चालून जात असेल. आपल्याकडे पायऱ्या खऱ्याच आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार. या खडकांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि त्यातल्या 'ट्रॅप'चं मूळ स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दात आहे. तो जिना गुळगुळीत केलात, तर हनुमान टेकडी कुठल्याही देशातली टेकडी होते.

झाडांचं आणखी अवघड. गेमसोबत येणारी झाडं बहुतेक थंड प्रदेशातली, त्यामुळे आपली आपणच घडवावी लागतात: एक खोड, त्यावर पानांचे फोटो चिकटवलेले चपटे कागद, आणि लांबून पाहण्यासाठी याहून साधी दुसरी प्रतिकृती. एका शहरात जास्तीत जास्त २,६२,१४४ झाडं. पण टेकडीवर लावायचं काय? सगळ्यात 'खरं' दिसतं ते ग्लिरिसिडिया, म्हणजे उंदीरमारी, कारण आज टेकड्यांवर तेच दाटलंय. हे झाड मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. चिवट आणि झपाट्यानं वाढणारं, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे लावलं गेलं. त्याआधी या टेकड्यांवर गवत होतं आणि मधूनमधून सालई, पळस, पांगारा. गवताळ टेकडी गेममध्ये अर्धवट राहिल्यासारखी दिसते. पाहणारा म्हणतो, झाडं लावायची राहिली का? (टेकड्यांच्या बाबतीत हाच प्रश्न खऱ्या पुण्यातही बराच काळ विचारला गेला असावा.) मी गवत ठेवलं.

इथपर्यंत सगळी हौस. ओढ्यापाशी आल्यावर मात्र हात थांबतो.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. पूर्वी तो जुन्या गावातून वाहत शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळायचा. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी त्याला पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून शहराच्या पश्चिमेकडे वळवलं. पर्वतीखाली तळं झालं, त्याच तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. वरच्या अंगाला कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी बंदिस्त नळानं शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. म्हणजे ज्याला आपण पुण्याची जमीन म्हणतो, तिच्यावर अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वीच कुणीतरी हात फिरवलाय.

रडारच्या आकड्यांत हा ओढा जवळजवळ नाहीच. एक मोजमाप तीस मीटरचं; त्यात रडारला जमिनीऐवजी छपरं आणि झाडांचे शेंडे दिसतात. काठावर घरं दाटली की ओढ्याची खाच भरून येते आणि चित्रात नुसतीच करडी जमीन उरते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पुलाकडच्या वस्त्यांत शिरला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, शहर आणि परिसरात मिळून वीसेक माणसं गेली. पाणी कुठून जाणार हे त्या रात्री ज्यांना कळलं, त्यांतल्या कितीजणांच्या रोजच्या नजरेत तो ओढा होता? पुलावरून जाताना तो नाला वाटतो.

गेममधलं पाणी मात्र खरोखर वाहतं. कात्रजला झरा ठेवला की ते स्वतःच उतार शोधतं, म्हणून ओढ्याची खाच हातानं कोरावीच लागते. आणि कोरायची तर कुठली? पेशव्यांच्या आधीची, की आजची? मी आजची कोरली आणि तिला दोन ठिपक्यांची, म्हणजे बत्तीस मीटरची रुंदी दिली. प्रत्यक्षात ओढा काही ठिकाणी याहून बराच अरुंद आहे.