ब्रायन

ब्रायन : विद्युत् स्पंदांद्वारे संदेश पाठवणाऱ्या चेतापेशींच्या जाळ्यांचे संगणकीय सदृशीकरण करणारी मुक्त स्रोत आज्ञावली. डॅन गुडमन व रोमँ ब्रेट यांनी ती पॅरिसमध्ये पायथॉन भाषेत विकसित केली. तिच्यावरील पहिला शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक चेतापेशीच्या पटलविभवाचे अवकल समीकरण, स्पंद उमटण्याचा उंबरठा आणि त्यानंतर विभव कोठे परतावा हे गणिती रूपातच लिहितो. आज्ञावली एककेही तपासते. व्होल्टमध्ये अँपिअर मिळवल्यास चूक दाखवून थांबते. मार्सेल स्टिमबर्ग यांच्या प्रमुख सहभागातून घडलेली ‘ब्रायन २’ ही आवृत्ती समीकरणांवरून सी प्लस प्लस संकेत आपोआप तयार करते, त्यामुळे वेग वाढतो. तिचा मूळ संकेत सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे.