छातीतली जळजळ आणि रोगांची वही

१/ ‘अ‍ॅसिडिटी’ हा शब्द आपण सहज वापरतो. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र या एका शब्दाआड तीन निराळ्या अवस्था दडलेल्या असू शकतात. त्या वेगळ्या नोंदवण्याची गरज कशी उमगली, त्याचा हा इतिहास.

२/ सतराव्या शतकातील लंडन. मृत्यूचे कारण ठरवण्यासाठी नेमलेल्या वृद्ध स्त्रिया घरोघरी जाऊन प्रेत पाहत. त्यांच्या सांगण्यावरून मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या निघत. १६६२ मध्ये जॉन ग्रॉन्टने या याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ‘जठर अडणे’ अशीही एक नोंद होती. नेमका रोग कोणता, हे त्या शब्दांवरून कळत नाही.

३/ १८३९ मध्ये विल्यम फारने या गोंधळावर बोट ठेवले: एका रोगाला अनेक नावे आणि एका नावाखाली अनेक रोग. भौतिकशास्त्रात वजनमापांना जे महत्त्व, तेच येथे नावांना, असे त्याचे प्रतिपादन होते.

४/ १८९३ मध्ये शिकागो येथे जाक बर्तियोंची आंतरराष्ट्रीय सूची स्वीकारली गेली. पण ती मृत्यूच्या कारणांची होती. जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढल्याने माणूस सहसा दगावत नाही. अशा दुखण्याची दखल मृत्यूची सूची कशी घेणार?

५/ १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅशर विंकेलस्टाइनने जठररसामुळे होणाऱ्या अन्ननलिकादाहाचे वर्णन केले. पुढे १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीत मृत्यूच्या जोडीने आजारपणाच्या कारणांनाही स्थान मिळाले.

६/ १९९० मध्ये मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत भेद स्पष्ट दिसतो. नुसते लक्षण म्हणून जळजळ: आर१२. आम्लाच्या उलट प्रवाहाचा आजार, पण अन्ननलिकादाह नाही: के२१.९. दाहासह तोच आजार: के२१.०. १ ऑक्टोबर २०२० पासून अमेरिकी आवृत्तीने दाहाचेही दोन भाग केले: रक्तस्राव नसल्यास के२१.००, असल्यास के२१.०१.

७/ आता कळीचा मुद्दा. संकेतांक देणारा कोडर रुग्णाला तपासत नाही. केसपेपरवर जे लिहिले असेल तेवढ्यावरच त्याला निर्णय करावा लागतो. दुर्बिणीच्या तपासणीत व्रण आणि रक्तस्राव दिसूनही डॉक्टरांनी केवळ ‘जळजळ’ लिहिले, तर तो रुग्ण साध्या जळजळीच्या रांगेत जाऊन बसतो. पुढच्या उपचारांचा आधार, विम्याचा दावा आणि देशाची आकडेवारी, तिन्ही तेथेच चुकतात.

८/ फारने दाखवलेला दोष संकेतांकांनी आपोआप दूर होत नाही. वही कितीही सूक्ष्म आखली, तरी तिच्यात उतरते ते लिहिणाऱ्याने लिहिलेलेच.