दोन यमुना

मराठी कादंबरीच्या आरंभकाळांत यमुना नांवाच्या दोन नायिका भेटतात. बाबा पदमनजींची यमुना १८५७ सालची. पतीसह प्रवास करतांना ती विधवांचे हाल पाहते. पुढें स्वतःच विधवा होते आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून आलेल्या हरि नारायण आपट्यांच्या यमूस अशी वाट सांपडत नाहीं. रघुनाथरावांनीं तिला हौसेनें शिकविलें. ते निवर्तल्यावर घरच्यांनींच बळजबरीनें तिचें केशवपन करविलें. मुलींचें संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ चा. त्या वादाच्या धुमाळींतच हें लेखन घरोघर वाचलें जात होतें. मात्र पहिलीची कथा ग्रंथकार सांगतात. दुसरी आपली हकीकत आपल्याच हातानें लिहिते. पुनर्विवाह नाकारणाऱ्या आपट्यांनीं तेवढी लेखणी मात्र तिच्यापाशीं राहूं दिली.