डेंपोची वाया गेलेली बढती

आदिलाबाद जिल्हा जुन्या हैदराबाद संस्थानातला. त्यामुळे आमच्या तलमडुगूच्या बाजूला फुटबॉलचा इतिहास काढला की गाडी आधी हैदराबाद सिटी पोलीस आणि त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर जाते. जायलाच हवी म्हणा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप या संघाने उचलला. पण तो जमाना कपांचा होता. हरलात तर घरी जा, पुढच्या वर्षी परत या. खेळून वरच्या वर्गात चढायचं किंवा खालच्या वर्गात घसरायचं, ही भानगड त्यात नव्हती. देशपातळीवर ती आली १९९६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या मागोमाग. २००७ मध्ये त्याच लीगची आय-लीग झाली.

इंग्लंडमध्ये बढतीची शेवटची जागा १९८७ पासून प्ले-ऑफमधून ठरते. तिथे थोडक्यात हुकलेले संघ आपसात खेळतात आणि अंतिम सामना वेम्बलीवर होतो. नव्वद मिनिटांत फैसला. आपल्याकडे असा एकच एक सामना नसायचा. दुसऱ्या डिव्हिजनची शेवटची फेरी साखळी पद्धतीने व्हायची, गुणतक्त्यात जो वर तो चढला. निदान कागदावर तरी. कागदावरची बढती प्रत्यक्षात काय होते, हे २०१६ साली गोव्याच्या डेंपो क्लबने दाखवलं.

डेंपो म्हणजे काही ऐरागैरा संघ नव्हे. २००४-०५ ते २०११-१२ या काळात देशाचं विजेतेपद पाच वेळा यांच्याकडे, पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांडो कुलासो. २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठणारा हा पहिला भारतीय क्लब. असा संघ २०१५ च्या मोसमात अकरा संघांत दहावा आला आणि खाली गेला.

इथे थांबून नियम बघितला पाहिजे. दहावा खाली गेला, मग अकराव्याचं काय? अकरावा होता पुण्याचा भारत एफसी. तो कंपनीच्या कोट्यातून थेट प्रवेश घेऊन आलेला, आणि अशा संघांना सुरुवातीला घसरणीतून सूट होती. म्हणजे शेवटचा राहिला आणि त्याच्या वरचा गेला. पुढच्या मोसमाआधी भारत एफसीने गाशाच गुंडाळला, ते वेगळंच. २०१६ मध्ये पुन्हा तोच प्रकार. नऊ संघांत नववा पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, त्यालाही सूट. खाली गेला आठवा, मिझोरामचा आयझॉल एफसी. जो आदल्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून रीतसर वर आला होता! मी आयुष्यभर इंजिनिअरिंग केलं, त्यामुळे मला हा नियम नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखा दिसतो: पैसा आत येऊ शकतो, बाहेर पडत नाही, आणि दाब बसतो तो शेजारच्या पाइपावर.

त्याच २०१६ मध्ये डेंपोने दुसरी डिव्हिजन जिंकली. चंदीगडकडचा मिनर्वा दुसरा आला. एका वर्षात परत वर, तेही मैदानावर खेळून.

पण त्याच उन्हाळ्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवा आराखडा मांडला. सगळ्यात वर इंडियन सुपर लीग, तिच्याखाली दोन लीग, आणि सुपर लीगमध्ये खेळून चढायची सोय नाही. वरचा मजला बंद. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या दोन क्लबांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. त्यांच्या मागोमाग डेंपोनेही नाव काढून घेतलं. घाम गाळून मिळवलेली बढती वापरलीच नाही.

माझं मत विचाराल तर क्लबांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. खेळून वर जाता येत नसेल तर लीगला लीग का म्हणायचं? पण किंमत मोजली ती मुख्यतः खेळाडूंनी. ज्या पोरांनी डेंपोला वर आणलं, त्यांना त्या जर्सीत आय-लीगचा एक सामनाही मिळाला नाही. लीगमध्ये राहून भांडता आलं असतं असं मला वाटतं. अर्थात पगाराचे चेक मला फाडायचे नव्हते.

रिकाम्या झालेल्या जागांचं पुढे जे झालं ते तर कादंबरीत लिहिलं तर खोटं वाटेल. गोव्याचे क्लब गेले म्हणून खाली गेलेल्या आयझॉलला परत बोलावलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून आयझॉल थेट देशाचा विजेता झाला, ईशान्येतला पहिला. दुसऱ्या आलेल्या मिनर्वालाही २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये जागा मिळाली होती. मार्च २०१८ मध्ये तेही विजेते झाले, आणि शेवटच्या सामन्यात त्यांनी हरवलं गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सला. घसरलेला एक, दुसरा आलेला एक. लागोपाठ दोन वर्षं विजेते. डेंपो मात्र गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये.

सुपर लीगचं दार उघडलं ते २०२३ मध्ये, पंजाबच्या संघासाठी. पुढच्या वर्षी मोहम्मडन स्पोर्टिंग गेला. आणि डेंपो? २०२३-२४ ची आय-लीग २ स्पोर्टिंग क्लब बंगळुरूने जिंकली, डेंपो दुसरा आला. यावेळी बढती घेतली आणि तब्बल नऊ वर्षांनी संघ आय-लीगमध्ये उतरला.

त्या २०२४-२५ च्या मोसमात विजेतेपद आधी जाहीर झालं चर्चिल ब्रदर्सच्या नावावर, ४० गुणांनी. वाद लवादात गेला. जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने इंटर काशीला ४२ गुणांसह विजेता ठरवलं आणि सुपर लीगची जागा त्यांच्याकडे गेली. बढतीचा अंतिम सामना अखेर झाला, पण लोझानच्या कोर्टात.