पत्र्यावरची आठवण

आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की नंतर एक टिपण लिहावं लागतं. किती वाजता काय झालं, कुणाला फटका बसला, कशामुळे निभावलं. मेक्सिकोतले लोक एकोणिसाव्या शतकापासून असलीच टिपणं पत्र्यावर तैलरंगात करून घेत आलेत हे कळलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

या चित्रांना ‘एक्स-व्होतो’ म्हणतात. कुणी घोड्यावरून पडून वाचला, कुणाचं बाळ दुखण्यातून उठलं, की गावातल्या चिताऱ्याकडून वहीच्या पानाएवढ्या पत्र्यावर तो प्रसंग काढून घ्यायचा. वर ढगांत संत किंवा मारिया. खाली पट्टीत तारीख, गाव, आभार. मग तो पत्रा चर्चमध्ये टांगायचा. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात, तसाच हा नवस. फक्त इथे गोष्टही सांगायची.

फ्रिडा काहलोनं असे पत्रे शेकड्यांनी जमवले होते. १९३२ साली ती नवऱ्याबरोबर डेट्रॉइटला होती. दिएगो रिवेराला तिथल्या कलासंग्रहालयाच्या भिंतींवर कारखान्यांची २७ चित्रं काढायची होती. त्या जुलैत फ्रिडाचा गर्भपात झाला. त्यानंतर तिनं ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ हे चित्र काढलं, धातूच्या पत्र्यावर, जेमतेम ३० बाय ३८ सेंटिमीटर. नवरा भिंती भरणार आणि बायको लॅपटॉपच्या स्क्रीनएवढ्या जागेत स्वतःला मांडणार! त्यात पलंग आहे, रक्त आहे, लाल फितींनी बांधलेल्या सहा वस्तू आहेत. संत मात्र नाही.

त्याच वर्षी तिची आई वारली. त्या वर्षीच्या ‘माझा जन्म’ या चित्रात बाळंत होणाऱ्या बाईचा चेहरा चादरीनं झाकलाय, भिंतीवर दुःखी मारियाची तसबीर आहे आणि खाली मजकुराची पट्टी आहे. कोरी. मला तिचं हे चित्र सगळ्यात धीट वाटतं. पुढे १९३६ मध्ये तिनं आजी-आजोबा, आई-बाबा आणि घराच्या अंगणात उभी नागडी छोटी फ्रिडा असं चित्र काढलं. आईच्या पोटातला गर्भसुद्धा त्यात आहे. म्हणजे स्वतःला आठवणं शक्यच नाही ते ती आठवणीसारखं रंगवत होती.

१९३८ मध्ये मेक्सिकोला आलेल्या आंद्रे ब्रतोंनं तिला अतिवास्तववादी ठरवून टाकलं. आपण स्वप्नं रंगवत नाही, आपलं वास्तव रंगवतो, असं ती नंतर म्हणाली. ठीक. पण १९०७ चा जन्म असताना हीच बाई १९१० सांगायची, क्रांतीचं साल म्हणून. तिच्या वास्तवाला तेवढी सूट होती.

हे सगळं वाचायचं कारण म्हणजे गेल्या वर्षभरात मीही रात्री डायनिंग टेबलावर सहा बाय आठ इंचांची तैलचित्रं काढतो. पहिलं चित्र मला वारंवार पडणाऱ्या स्वप्नाचं. २००५ चा सांगलीचा पूर, आमची खोली, गळ्यापर्यंत पाणी, आणि पाण्याखाली आईचं शिलाई मशीन आपोआप चाललेलं. मी आठ वर्षांचा, टेबलावर उभा.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“तू कुठं होतास तिथं? तुला आदल्या दिवशीच मामाकडं मिरजेला पाठवलेलं.”

“मग टेबलावर कोण होतं?”

“मी. मशीन वर चढवत होते. नाही जमलं. नंतर भंगारात दिलं ते.”

हे मशीन भंगारात गेल्याचं मला माहीत नव्हतं. तिनं शिवण सोडली, एवढंच माहीत होतं. कंटाळली असेल असं धरून चाललो होतो.

तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. जाड थर असेल तर बरेच दिवस लागतात. चित्र ओलंच होतं. मी पॅलेट नाइफनं टेबलावरचा मुलगा खरवडून काढला आणि तिथं आईला उभं करायला घेतलं. हात काही केल्या जमेनात, म्हणून पुन्हा फोन लावला आणि मशीन कुठून धरलं होतं ते विचारलं. तिनं मोबाइल कपाटाला टेकवून ठेवला आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले.

खालच्या पट्टीत काय लिहायचं ते अजून तिनं सांगितलेलं नाही.